मॅग्नेट, मॅग्नेशियम आणि मँगनीज: एका प्रदेशाचं नाव तीन पदार्थांना कसं लागलं?

रामटेकच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मॅडमनी प्रश्न विचारला आहे. थोडक्यात असा: "आमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरचं कुणी ना कुणी मनसर किंवा कांद्रीच्या खदानीत कामाला आहे. मूलद्रव्यांचा धडा चालू असताना एका मुलीने विचारलं, मॅग्नेट, मॅग्नेशियम आणि मँगनीज ही नावं इतकी सारखी का? मग आपल्या मँगनीजला लोहचुंबक चिकटतं का? स्टाफरूममध्ये तीन उत्तरं मिळाली. एक, मॅग्नीस नावाच्या धनगराच्या जोड्याचे खिळे दगडाला चिकटले, त्यावरून. दोन, मॅग्नेशिया नावाच्या ग्रीक गावावरून. तीन, मँगनीज हे संस्कृत 'मंगल'वरून. वर्गात काय सांगू?"

मॅडम, आधी सरळ उत्तर देतो. दुसरं उत्तर बरोबर आहे, फक्त 'गाव' म्हणण्यापेक्षा 'प्रदेश आणि त्या नावाची गावं' म्हणा. पहिलं उत्तर ही दोन हजार वर्षांहून जुनी दंतकथा आहे. ती मुलांना जरूर सांगा, पण दंतकथा म्हणूनच. तिसऱ्याला काहीही आधार नाही.

पण एवढ्यावर तुमच्या विद्यार्थिनीचं समाधान होणार नाही आणि होऊही नये. तिचा प्रश्न वरवर वाटतो त्याहून खोल आहे. लोखंड ओढणारा दगड, काचेचा रंग घालवणारा काळा दगड आणि पोट साफ करायला घेतात ती पांढरी भुकटी, या तिन्हींचा रसायनाच्या दृष्टीने एकमेकांशी संबंध नाही. मग एकाच जागेचं नाव तिघांना कसं चिकटलं? उत्तर इथे आहे, आणि ते शब्दकोशातल्या एका ओळीत मावत नाही.

माझं काम नागपूर-भंडारा पट्ट्यातल्या मँगनीजच्या दगडांशी राहिलं. आधी खदानीतले नमुने ओळखणं, पुढे विद्यार्थ्यांना ते ओळखायला शिकवणं. शब्दांकडे मी दगडांच्या वाटेने आलो, म्हणून माझी पद्धतही तशीच आहे. एखाद्या शब्दाचं मूळ शोधायचं तर ती वस्तू कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेली आणि प्रत्येकाने तिला काय म्हटलं, ते आधी पाहतो. उच्चार सारखा वाटतो का, हे सगळ्यात शेवटी. कानाला जुळतं म्हणून मूळ एक, असं धरलं की माणूस हमखास फसतो.

तर मॅग्नेशिया. ग्रीसच्या थेसली भागात पेलिऑन डोंगराच्या आसपास मॅग्नेटीस नावाचे लोक राहत. होमरच्या इलियडमध्ये ट्रॉयवर चालून गेलेल्या जहाजांची मोठी यादी आहे, तिच्या शेवटी शेवटी हे मॅग्नेटीस येतात. त्यांच्यावरून त्या भागाचं नाव मॅग्नेशिया. शिवाय आजच्या तुर्कस्तानात, म्हणजे जुन्या आशिया मायनरमध्ये, मॅग्नेशिया नावाची दोन शहरं होती: एक मिआंडर नदीजवळचं आणि दुसरं सिपिलस डोंगराच्या पायथ्याचं. हे दुसरं म्हणजे आजचं मनीसा. चुंबकदगडाचं नाव या तीन ठिकाणांपैकी नेमक्या कोणत्या मॅग्नेशियावरून पडलं, हे तुम्ही कोणता जुना लेखक प्रमाण मानता यावर अवलंबून आहे, कारण त्यांच्यातच एकमत नव्हतं. वर्गात 'मॅग्नेशियाचा दगड' एवढं सांगितलं तर ते पूर्ण खरं आहे. नकाशावर एकच टिंब काढून दाखवू नका.

पुरावा कशाचा? प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस म्हणतो की युरिपिडीज ज्या दगडाला 'मॅग्नेटिस' म्हणतो त्याला बहुतेक लोक हेराक्लियाचा दगड म्हणतात. हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातही हे नाव एकमेव नव्हतं, दोन नावं शेजारी शेजारी चालत होती. पुढे इ.स.पू. पहिल्या शतकात रोमन कवी ल्युक्रेशिअस स्पष्टच लिहितो की ग्रीक लोक या दगडाला त्याच्या जन्मभूमीवरून मॅग्नेट म्हणतात, कारण तो मॅग्नेटीस लोकांच्या मुलखात सापडतो. लॅटिनमधून हा शब्द जुन्या फ्रेंचमध्ये आणि तिथून इंग्रजीत गेला. मॅग्नेट या शब्दाची साखळी इतकी स्वच्छ आहे की तिच्यावर वाद घालायला जागा नाही.

आता गंमत पाहा. प्लेटोच्या नंतरच्या पिढीतला थिओफ्रास्टस दगडांवर स्वतंत्र लेखन करणारा ग्रीक विद्वान. तोही 'मॅग्नेटिस' दगडाबद्दल लिहितो, पण त्याचा दगड चांदीसारखा दिसतो, चरकावर धरून त्याची भांडी करता येतात, आणि लोखंड ओढण्याचा तिथे उल्लेखच नाही. हा मऊ, शंखजिऱ्याच्या जातीचा काही दगड असावा. म्हणजे गल्लत मागाहून कुणी केली असं नाही, ती पहिल्यापासून होती. 'मॅग्नेशियाचा दगड' हे कुठल्या एका खनिजाचं नावच नव्हतं. तो पत्ता होता. त्या पत्त्यावरून जे जे दगड आले त्या सगळ्यांना तो लागला.

याचं सर्वात चांगलं उदाहरण प्लिनी. व्हेसुव्हियसच्या उद्रेकात इ.स. ७९ मध्ये मरण पावलेला हा रोमन लेखक, त्याच्या विश्वकोशाच्या छत्तिसाव्या खंडात, सोटॅकस नावाच्या आणखी जुन्या लेखकाच्या हवाल्याने चुंबकदगडाचे पाच प्रकार देतो. इथिओपियाचा, मॅसिडोनियाला लागून असलेल्या मॅग्नेशियाचा, बिओशियातला, ट्रॉयजवळचा आणि आशियातल्या मॅग्नेशियाचा. त्यांत तो नर आणि मादी असा भेदही करतो. ट्रॉयजवळचा दगड काळा आणि मादी, म्हणून त्याच्यात ओढण्याची शक्ती नाही. आशियातल्या मॅग्नेशियाचा सगळ्यात हिणकस: पांढरा, लोखंड न ओढणारा, झामदगडासारखा.

हे वाचताना हातात आपल्याकडचा एक नमुना धरून पाहा. काळा, जड, दिसायला चुंबकदगडासारखा, पण लोखंड न ओढणारा. पायरोलुसाइट! मँगनीजचा सर्वात सामान्य ऑक्साइड. प्लिनीचा 'मादी' दगड म्हणजे पायरोलुसाइटच, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. मलाही ते पटतं, पण हा कयास आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. प्लिनीने दगड जपून ठेवला नाही, वर्णन ठेवलं. निश्चित आहे ते इतकंच की त्या काळी दगडांची वर्गवारी रंग, वजन आणि गाव यांवरून होई. आत काय आहे हे कळायचं साधनच नव्हतं. रंगाने काळे आणि हाताला जड असे दोन दगड एका नावाखाली आले, यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

आपल्या रसशास्त्राच्या, म्हणजे धातू-खनिजांपासून औषधं करण्याच्या विद्येच्या, मध्ययुगीन ग्रंथांतही कांतलोहाचे, म्हणजे चुंबकदगडाचे, पाच प्रकार सांगितले आहेत: भ्रामक, चुंबक, कर्षक, द्रावक आणि रोमकांत. प्लिनीकडेही पाच, इथेही पाच, पण यातून कुणी कुणाचं उचललं असं काढू नका. फरक पाहा. प्लिनी गावावरून प्रकार पाडतो, आपले रसशास्त्री तो दगड लोखंडाचं काय करतो यावरून पाडतात: फिरवतो, चिकटवून घेतो, ओढतो. मला आपली पद्धत विज्ञानाला जास्त जवळची वाटते, आणि हे वर्गात आवर्जून सांगण्यासारखं आहे.

धनगराची गोष्टही प्लिनीचीच आहे. तो निकँडर या ग्रीक कवीचा हवाला देतो: मॅग्नीस नावाचा गुराखी इडा डोंगरावर जनावरं चारत होता, तेव्हा त्याच्या जोड्याचे खिळे आणि काठीचं लोखंडी टोक जमिनीला चिकटलं. गोष्ट सुरेख आहे. मी ती खरी का मानत नाही? एक तर इडा डोंगर ट्रॉयकडचा, मॅग्नेशियातला नव्हे. दुसरं, निकँडर इ.स.पू. दुसऱ्या शतकातला धरतात, आणि दगडाचं नाव तर त्याआधी निदान दोन शतकं प्रचारात होतं. तिसरं कारण सवयीचं: नाव आधी असतं, त्याचा अर्थ लागेनासा झाला की मग त्या नावाचा माणूस जन्माला घातला जातो. गावांच्या नावांबाबत आपल्याकडे हे किती वेळा झालंय ते तुम्हाला सांगायला नको.

इथपर्यंत मॅग्नेट झाला. मँगनीज हा शब्द कुठून आला, ते काचेच्या भट्टीत कळतं, आणि हा भाग मला सगळ्यात आवडतो.

काच करायची तर वाळू लागते, आणि वाळूत थोडं लोह असतंच. त्या लोहामुळे काच हिरवट होते. अशा वितळलेल्या काचेत पायरोलुसाइटची पूड बेताने टाकली तर दोन गोष्टी घडतात. मँगनीज डायऑक्साइडमधला ऑक्सिजन लोहाला पुढच्या अवस्थेत नेतो, आणि त्या अवस्थेतल्या लोहाचा रंग गडद हिरवा नसून फिका पिवळसर असतो. शिवाय मँगनीज स्वतः काचेला हलकी जांभळी छटा देतं, आणि जांभळा नि पिवळा एकमेकांना मारतात. काच पांढरी स्वच्छ दिसते. पूड जास्त झाली की काच जांभळी. म्हणून या दगडाला 'काचेचा साबण' म्हणत. पायरोलुसाइट हे नावही हेच सांगतं: ग्रीकमध्ये 'पायर' म्हणजे आग आणि 'लुओ' म्हणजे धुणं. हायडिंगर या ऑस्ट्रियन खनिजशास्त्रज्ञाने १८२७ मध्ये ते मुद्दाम घडवलं.

प्लिनीनेही लिहून ठेवलंय की काच करताना 'मॅग्नेस' दगड घालू लागले, कारण तो लोखंडाप्रमाणे काचेचा रसही स्वतःकडे ओढतो अशी समजूत होती. कारण चुकीचं आहे, पण नाव पाहा: काचवाल्यांच्या तोंडी हा दगड 'मॅग्नेशियाचा'च होता. मध्ययुगीन लॅटिनमध्ये तो 'मॅग्नेशिया' झाला. मग इटलीत, जिथे व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर काचेची कारागिरी शिखराला पोचली, तिथे त्या शब्दात अक्षरांची अदलाबदल झाली. 'ग्न'चं 'न्ग' झालं, आणि 'मांगानेझे' असा उच्चार रूढ झाला. १५४० मध्ये छापल्या गेलेल्या बिरिंगुचोच्या धातुकामावरच्या ग्रंथात हे रूप आहे, १६१२ मध्ये फ्लोरेन्सच्या अंतोनिओ नेरीने काचेवर लिहिलेल्या पुस्तकातही आहे. इटालियनमधून फ्रेंच, फ्रेंचमधून इंग्रजी, आणि इंग्रजीतून आपल्या खदानीवर.

अक्षरांची अशी अदलाबदल मुलांना विचित्र वाटेल. वाटू देऊ नका. भाषाशास्त्रात तिला वर्णविपर्यय म्हणतात आणि ती आपल्या तोंडात रोज असते. 'नुकसान'चं 'नुस्कान' आणि 'मतलब'चं 'मतबल' आपल्या नागपुरात कोण ऐकत नाही? वाराणसीचं बनारस झालं तेही असंच, 'र' आणि 'ण' यांनी जागा बदलल्या.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. मँगनीजचा संबंध ग्रीक 'मांगानॉन' शब्दाशी जोडणारंही एक जुनं मत आहे. 'मांगानॉन' म्हणजे यंत्र, किंवा जादूटोणा. हे मत 'मंगल'सारखं हवेतलं नाही, त्याचा विचार करायला हवा. तरी मी मॅग्नेशियाच्या बाजूने का? कारण तोच काळा दगड, तोच उपयोग, त्याच कारागिरांच्या जगात आधी 'मॅग्नेशिया' आणि मग 'मांगानेझे' म्हणून ओळखला जातो. वस्तू बदलत नाही, नाव हळूहळू सरकतं. बहुतेक प्रमाण कोशही हीच वाट धरतात. 'मांगानॉन'चा आवाज कारागिरांच्या मनात घोळत असल्यामुळे अदलाबदल सोपी झाली असेल का? असेलही. पण मूळ म्हणून नाही.

राहिलं मॅग्नेशियम. किमयागारांनी 'मॅग्नेशिया' हे नाव अनेक पदार्थांना सढळ हाताने वापरलं. पुढे औषधांच्या दुकानात एक पांढरी भुकटी आली, तिला 'पांढरा मॅग्नेशिया' म्हणू लागले. आज ती मॅग्नेशियम कार्बोनेट म्हणून ओळखली जाते. काळा तो पायरोलुसाइट, पांढरी ती ही भुकटी. प्लिनीच्या पांढऱ्या, हिणकस दगडापासून या भुकटीपर्यंत अखंड साखळी दाखवता येत नाही, म्हणून तसं ठामपणे सांगू नका. ही भुकटी चुन्यापेक्षा वेगळी आहे हे स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने १७५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दाखवलं.

मग धातू वेगळे झाले. स्वीडनमध्ये शीले या रसायनज्ञाने काळ्या दगडाचा कसून अभ्यास केला, आणि त्याचा मित्र गान याने १७७४ मध्ये तो कोळशासोबत तापवून त्यातून नवा धातू काढला. त्याच वर्षी शीलेने याच काळ्या दगडावर मीठाच्या आम्लाचा प्रयोग करताना क्लोरीन वायूही मिळवला. एका खनिजाने रसायनशास्त्राला एवढं द्यावं, याचं मला अजून कौतुक वाटतं. आता पेच पडला. या नव्या धातूला काही रसायनज्ञ चक्क 'मॅग्नेशियम' म्हणू लागले होते, कारण तो काळ्या मॅग्नेशियातून निघाला. १८०८ मध्ये लंडनला हम्फ्री डेव्हीने विजेच्या साहाय्याने पांढऱ्या मॅग्नेशियातला धातू वेगळा केला, तेव्हा 'मॅग्नेशियम' हे नाव अडलेलं होतं. म्हणून त्याने आपल्या धातूला 'मॅग्नियम' म्हटलं. हे नाव टिकलं नाही. काही वर्षांतच काळ्याकडे मँगनीज आणि पांढऱ्याकडे मॅग्नेशियम अशी वाटणी पक्की झाली. तुमच्या मुलांची 'एमएन' आणि 'एमजी' या संज्ञांत गल्लत होते ना? त्यांना सांगा, दोनशे वर्षांपूर्वी युरोपातल्या नामवंत रसायनज्ञांचीही हीच अडचण झाली होती.

फळ्यावर लिहायचं तर एवढं पुरे: मॅग्नेटीस लोक, त्यांच्यावरून मॅग्नेशिया प्रदेश, त्यावरून 'मॅग्नेशियाचा दगड'. त्यातून लोखंड ओढणारा तो मॅग्नेट. काचवाल्यांचा काळा तो इटालियन तोंडातून मँगनीज. औषधवाल्यांचा पांढरा तो मॅग्नेशियम.

आता विद्यार्थिनीचा दुसरा प्रश्न, मँगनीजला लोहचुंबक चिकटतं का. शुद्ध मँगनीज धातूला साधं लोहचुंबक चिकटत नाही, आणि आपल्याकडच्या बहुतेक मँगनीज दगडांनाही नाही. पण हे तोंडी सांगू नका, करून दाखवा. खदानीत काम करणाऱ्या पालकांकडून परवानगीने दोन-तीन तुकडे मागवा. शक्यतो एक मऊ, हाताला काजळी लावणारा आणि एक कठीण, चकाकणारा. मऊ तुकडा बिनचकाकीच्या फरशीच्या मागच्या बाजूवर ओढा, काळी रेघ उमटेल. चुंबकदगडाची, म्हणजे मॅग्नेटाइटचीही रेघ काळीच असते, म्हणून रेघेवरून हे दोन वेगळे करता येत नाहीत. प्राचीन लोकांची अडचण मुलांना इथे स्वतःच्या हाताने कळेल. मग छोटं लोहचुंबक दोऱ्याला टांगून तुकड्याजवळ न्या. मॅग्नेटाइटकडे ते झुकेल, पायरोलुसाइटकडे ढिम्म हलणार नाही. शेवटी पायरोलुसाइटच्या पुडीवर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडचे दोन थेंब टाका. फसफसून फेस येईल, कारण मँगनीज डायऑक्साइड पेरॉक्साइडचं विघटन वेगाने घडवतं. डोळ्यांना चष्मा आणि हात धुवायला साबण, एवढी काळजी घ्या.

एखाद्या तुकड्याकडे मात्र लोहचुंबक झटकन ओढलं गेलं तर दचकू नका. आपल्या पट्ट्यात तेही होतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे लुईस ली फर्मर यांनी १९०९ मध्ये भारतातल्या मँगनीजवर एक प्रचंड ग्रंथ लिहिला, त्यात त्यांनी जोरदार चुंबकीय अशा एका मँगनीज खनिजाचं वर्णन करून त्याला आपल्या सहकाऱ्याच्या नावावरून व्रेडेनबर्गाइट म्हटलं. पुढे कळलं की ते एक खनिज नसून जेकबसाइट आणि हॉसमनाइट या दोन मँगनीज खनिजांची घट्ट गुंफण आहे, आणि त्यातला लोहयुक्त जेकबसाइट चुंबकीय आहे. म्हणजे मँगनीजचा दगड आणि चुंबकदगड यांची गल्लत करायला निमित्त आपल्याच टेकड्यांतही आहे. मला तरी हे पाहून प्लिनीच्या काळच्या लोकांबद्दल आदरच वाटतो.

याच फर्मर यांनी दिलेली आणखी दोन नावं मुलांना नक्की सांगा, कारण मॅग्नेटीस लोकांवरून दगडाला नाव पडण्याची रीत तिथे जशीच्या तशी दिसते. आपल्या मँगनीजसोबत सापडणाऱ्या गार्नेट आणि गारगोटीच्या खडकाला त्यांनी गोंड लोकांवरून 'गोंडाइट' म्हटलं. हा शब्द आज जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत आहे. छिंदवाडा जिल्ह्यातल्या सीतापारवरून त्यांनी 'सीतापाराइट' हे नाव दिलं. ते खनिज पुढे अमेरिकेतल्या बिक्सबाइटसारखंच निघालं आणि नाव मागे पडलं. दोन नावांत सापळे आहेत. ब्राउनाइट हे मँगनीज खनिज तपकिरी रंगावरून नाही, जर्मनीतल्या गोथा इथल्या ब्राउन नावाच्या गृहस्थांवरून आहे. आणि हॉलंडाइटचा हॉलंड देशाशी संबंध नाही, ते सर्वेक्षणाचे संचालक थॉमस हॉलंड यांच्यावरून आहे. कानावर विसंबलात तर दोन्हीकडे चुकाल.

आता 'मंगल'. मी हे नाकारतो ते परकीय शब्दांच्या प्रेमापोटी नाही. एखादा शब्द संस्कृतातून इंग्रजीत गेला असं म्हणायचं तर मधल्या पायऱ्या दिसायला हव्यात. या काळ्या दगडाला 'मंगल' म्हणणारा एकही संस्कृत किंवा प्राकृत ग्रंथ पुढे येत नाही, आणि इटालियन काचवाल्यांकडे तो शब्द कसा पोचला याचंही उत्तर कुणी देत नाही. आपल्या भागात तर मँगनीज हे नाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खाणकामाबरोबर इंग्रजीतून आलं.

याउलट खऱ्या अर्थाने आपल्याकडून गेलेलं मूलद्रव्याचं नाव हवं असेल तर बेरिलियम घ्या. संस्कृत वैडूर्य, पालीत वेळुरिय, ग्रीकमध्ये बेरिलोस, मग लॅटिनमधून बेरिल. प्लिनी लिहितो की बेरिल भारतात होतात आणि इतरत्र क्वचितच. वस्तू इथून गेली, तिच्यासोबत नावही गेलं, आणि प्रत्येक टप्प्याचा पुरावा हाती आहे. १७९८ मध्ये फ्रान्सच्या वोकलँ यांना बेरिल या रत्नात नवं मूलद्रव्य असल्याचं आढळलं. अभिमान वाटायला हे उदाहरण भक्कम आहे.

मुलं आणखी सारखे शब्द घेऊन येतील, तेव्हा तयार असा. मॅग्निट्यूड लॅटिन 'मॅग्नस' म्हणजे मोठा यावरून. मॅग्मा ग्रीकमधल्या मळण्याच्या क्रियापदावरून. मॅग्नोलिया हे फुलझाड फ्रान्सच्या मॅग्नोल नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञावरून. मजेंटा रंग इटलीतल्या त्या नावाच्या गावी १८५९ मध्ये झालेल्या लढाईवरून. यांतल्या कुणाचाही मॅग्नेशियाशी संबंध नाही.

शेवटी मराठी नावांबद्दल. चुंबकाला आपला जुना शब्द अयस्कांत आहे, म्हणजे लोखंडाला प्रिय असलेला. तुम्ही रामटेकच्या, म्हणून सांगतो: कालिदासाच्या कुमारसंभवाच्या दुसऱ्या सर्गात ब्रह्मदेव देवांना सांगतो की अयस्कांताने लोखंड ओढावं तसं उमेच्या रूपाने शंकराचं मन ओढून घ्या. आणि मूलद्रव्यांना संस्कृत नावं देण्याचा एक मोठा प्रयत्न तर आपल्या नागपुरातच झाला. डॉ. रघुवीर यांची संस्था स्वातंत्र्याच्या सुमारास काही वर्षं इथे होती, आणि त्यांच्या परिभाषेत सोडियम म्हणजे क्षारातु, कॅल्शियम म्हणजे चूर्णातु आणि मॅग्नेशियम म्हणजे भ्राजातु. 'भ्राज्' म्हणजे चमकणं. प्रयोगशाळेत मॅग्नेशियमची फीत पेटवून झाली की हा शब्द फळ्यावर लिहा, मुलांना तो लगेच कळेल. परीक्षेत मात्र त्यांना मॅग्नेशियम आणि मँगनीजच लिहू द्या, आणि मँगनीज लिहिताना 'म'वर चंद्रबिंदू द्यायला सांगा. 'मंगनीज' असं लिहिलं की पुन्हा कुणीतरी त्याचं 'मंगल' करून सांगेल.